बालवाडीच्या बाईंच्या पाठीशी कोण? सातारा-सांगलीची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.)

प्रवेशाचे दिवस आले की साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जा, नाहीतर सांगलीत विश्रामबागेतून शंभर फुटी रस्त्याला लागा, खांबाखांबावर बॅनर दिसतात. प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. सीसीटीव्ही आहे, एसी आहे, स्कूल बस आहे. बॅनरवर सगळं असतं. फक्त मुलाला शिकवणारी बाई कोण, ती काय शिकलीय, तिला पगार किती आणि तिला एखाद्या मुलाचं काही अडलं तर ती विचारणार कुणाला, एवढं तेवढं नसतं. सरकारी अंगणवाडीचा आणि नगरपालिकेच्या बालवाडीचा तर बॅनरच नसतो.

मी या दोन जिल्ह्यांत वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. नगरपालिकेच्या सभा, महापालिकेची महासभा, झेडपीच्या बैठका, सगळं ऐकलंय. शाळा हा विषय निघाला की चर्चा कशावर होते, हे पाठ झालंय. पत्रे गळतात, खोली पाडायची की दुरुस्त करायची, रंग कोण देणार, संगणक कुठे गेले, गणवेशाचं टेंडर कुणाला. हे विषय महत्त्वाचे आहेतच. पण तीन ते आठ वर्षांच्या पोराला शिकवणाऱ्या बाईंना मदत कोण करतं, हा विषय अजेंड्यावर आलेला मला तरी आठवत नाही.

आणि गंमत बघा, हाच प्रश्न आपल्या मातीत सगळ्यात आधी विचारला गेलाय. उत्तरंही इथेच सापडलीत. आपण ती विसरतो आणि पुन्हा पत्र्यांपासून सुरुवात करतो. म्हणून हा इतिहास लिहितोय.

सातारा आणि सांगली एकत्र का, असं कुणी विचारील. ब्रिटिशांच्या अमलात सातारा जिल्हा पार वाळवा-तासगावपर्यंत होता आणि मधेमधे सांगली, मिरज, औंध, फलटण अशी संस्थानं होती. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. तेव्हा शाळांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

सुरुवात नायगावापासून. खंडाळा तालुक्यातल्या या गावात ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म झाला. पहिली शिक्षिका, शेण-चिखल झेलला पण शाळा सोडली नाही, हे आपण दर ३ जानेवारीला भाषणात सांगतो. खरंच आहे ते. पण एक गोष्ट भाषणातून राहून जाते. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. आधी घरी जोतीरावांनी शिकवलं. मग अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, त्या काळचं डी.एड. म्हणा. म्हणजे मुलींची शाळा चालवायची तर शिकवणारी बाई आधी तयार केली पाहिजे, हे फुले दांपत्याला तेव्हाच कळलं होतं. नुसती तळमळ पुरत नाही.

जोतीराव मूळचे आपल्याच खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. १८८२ ला इंग्रज सरकारने हंटर कमिशन नेमलं, तेव्हा १९ ऑक्टोबर १८८२ ला त्यांनी कमिशनपुढे निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सगळ्यांना माहीत आहे. पण शिक्षकांबद्दल ते काय म्हणाले ते नीट बघा. प्राथमिक शाळेचा मास्तर प्रशिक्षित असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. त्याचा पगार १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. आणि गावात त्याला मान मिळावा, म्हणून गावच्या कारभारातली कामं त्याच्याकडे द्यावीत.

प्रशिक्षण, पगार, मान. आजच्या अंगणवाडी सेविकांच्या मोर्चातल्या मागण्या यापेक्षा वेगळ्या नाहीत. कामाचा मुद्दा मात्र उलटा झालाय. जोतीरावांनी कामं मागितली मान वाढावा म्हणून. आज बाई म्हणतात, बाकीची कामं काढून घ्या आणि आम्हाला शिकवू द्या.

त्यानंतर येतात कर्मवीर. भाऊराव पाटील, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ ला साताऱ्यात आली. बोर्डिंगच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, पोरांनी दगड फोडले, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली. पण अण्णांच्या कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. गावोगावच्या व्हॉलंटरी शाळांची मोठी लाट १९३८ नंतर आली. शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज साताऱ्यात त्याच्या आधी, १९३५ ला सुरू झालं. सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. पंचम जॉर्ज राजाच्या रौप्यमहोत्सवी वर्षाचं नाव घेतलं, काम मात्र रयतेचं केलं. पुढे त्याचं महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं. १९४२ ला बायकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं.

म्हणजे आधी मास्तर, मग शाळा. शिवाय त्या कॉलेजात शिकणारा मास्तर बहुधा खेड्यातलाच असायचा आणि परत खेड्यातच जायचा. जोतीरावांनी कागदावर मागितलेला शिक्षक अण्णांनी प्रत्यक्षात तयार करायला घेतला. पन्नास-साठ वर्षं मधे गेली, एवढंच.

पण हे सगळं पहिलीपासून पुढचं. सहा वर्षांखालचं मूल कुणाच्याच हिशोबात नव्हतं. ते आईच्या पदराला, नाहीतर थोरल्या बहिणीच्या काखेला. आणि त्या काखेतल्या भावंडामुळे बहिणीचीही शाळा सुटायची.

या वयाचा विचार करणारी बाई दुसरीकडून आली. ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसरीच्या विचारावर बालमंदिर चालवायचं काम शिकून घेतलं. १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ निघाला. मग दादरला शिशुविहार. तिथे मुलांच्या वर्गासोबत शिक्षिकांचं प्रशिक्षणही होतं. पण ताराबाईंना खटकत होतं की हे सगळं शहरातल्या शिकलेल्या घरांपुरतं राहतंय. माँटेसरीची साधनं महाग, परदेशी. म्हणून १९४५ ला त्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. पुढे शिकून प्राथमिक शिक्षिका झालेल्या. दोघींनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, मातीची भांडी घेऊन बालशिक्षण उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांत.

इथे जरा लांबचा एक फेरफटका मारू. त्याच १९४५ साली, महायुद्ध संपलं तेव्हा, इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात बायाबापड्यांनी पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशात बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवरून तिथे गेला आणि त्या कामातच राहिला. १९६३ ला त्या शहराच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली. १९९१ ला न्यूजवीक साप्ताहिकाने तिथल्या नगरपालिकेच्या एका बालशाळेला जगातल्या उत्तम शाळांत धरलं. या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे साताऱ्यापेक्षा थोडं मोठं, सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा बरंच लहान. अमेरिका-जपानहून शिक्षक तिथे बघायला जातात. काय बघतात? दर वर्गाला दोन शिक्षिका. काही शाळा मिळून एक मार्गदर्शक, जिचं काम तपासणीचं नसतं. शिक्षिकांबरोबर बसून मुलांबद्दल विचार करायचा, हेच तिचं काम. आणि दर आठवड्याला काही तास मुलं नसताना शिक्षिकांनी एकत्र बसायचं, तेही पगारी वेळेत. नगरपालिका हा खर्च करते, कारण शहराने ते आपलं काम मानलंय.

बोर्डी आणि रेज्जो, एकाच वर्षी सुरू झालेली दोन कामं. आमच्या अंगणवाडीचं पुढे काय झालं?

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात ३३ प्रकल्पांपासून सुरुवात. आज देशभर अंगणवाड्यांचं जाळं आहे, आणि कुपोषण, लसीकरण यांत त्यांचं काम फार मोठं आहे. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. या योजनेत सहा सेवा होत्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. प्रत्यक्षात काय झालं तर आहार मोजता येतो, वजन मोजता येतं, लस मोजता येते, शिकणं पटकन मोजता येत नाही. मग पर्यवेक्षिका आली की रजिस्टर बघणार, साठा बघणार, वजनाचा तक्ता बघणार. सेविका मुलांशी कशी बोलते, गोष्ट कशी सांगते, रडणाऱ्या पोराला कसं घेते, हे बघायला वेळ कुणाला? आपल्याकडे लोक अंगणवाडीला 'खाऊची शाळा' म्हणायला लागले. शब्द कोसबाडचा राहिला, त्यामागचं शिक्षण मागे पडलं.

आता शहराकडे या. शहरातली अडचण वेगळीच आहे.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने मोठ्या नगरपालिकांकडे प्राथमिक शाळा दिल्या, त्यासाठी शिक्षण मंडळं आली. शिक्षणहक्क कायद्यानंतर ती मंडळंही गेली. ग्रामीण भागात निदान एक साखळी आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासमूहाची कल्पना मांडली होती. जवळच्या शाळांनी एकमेकींना धरून राहायचं, मोठीने लहानीला मदत करायची. या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक आपल्या शेजारचेच, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले ते याच विचारातून. गावाकडच्या शिक्षकाला केंद्रप्रमुख आहे, वर विस्तार अधिकारी आहे, जिल्ह्याची डाएट आहे. पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात हा भाग वेगळा, पण कागदावर तरी साखळी आहे.

शहरात? नगरपालिकेला एक प्रशासनाधिकारी, महापालिकेला त्याच्या हाताखाली मोजके पर्यवेक्षक. त्यांचा निम्मा वेळ माहिती भरण्यात जातो. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, तिचं ऑफिस वेगळं. बालवाडी असलीच तर ती कधी पालिकेची, कधी एखाद्या महिला मंडळाची, मानधन हातावर टेकवलेलं. पहिलीचा वर्ग शिक्षण विभागाचा. एकाच पटांगणात दोन खोल्या, दोन खाती. अंगणवाडीतलं पोर जूनमध्ये शेजारच्या खोलीत पहिलीला जातं, पण सेविका आणि पहिलीच्या बाई त्या पोराबद्दल कधी दहा मिनिटं बोलतात का? बोलायची सोयच व्यवस्थेने केलेली नाही.

आणि शहरातली मुलं सोपी आहेत असं समजू नका. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ला झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांवर होती. कुपवाड एमआयडीसीत कामाला आलेल्यांची पोरं हिंदी बोलतात, मिरजेत घरी उर्दू-दखनी किंवा कन्नड बोलणारी पोरं आहेत, बांधकामावरची पोरं चार महिन्यांनी गाव बदलतात. साताऱ्यात माण-खटावातून आलेलं पोर 'आलंया', 'गेलतू' म्हणतं आणि पुस्तकात 'आला आहे', 'गेला होता' असतं. अशा पंचवीस-तीस पोरांसमोर एकटी बाई. तिने काय करायचं? बोली दुरुस्त करायची की आधी पोराला बोलतं करायचं? हे ठरवायला अनुभव लागतो, अभ्यास लागतो आणि विचारायला कुणीतरी माणूस लागतं.

याचं एक उत्तर फलटणला सापडतं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. फलटणला राहून त्यांनी फलटणच्या बोलीवरच पीएच.डी. केली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. अख्खं गाव त्यांना मॅक्सीन मावशी म्हणतं. दलित वस्तीतली पोरं शाळेत जातात पण वाचायला शिकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि त्या पोरांना शिकवायला बसल्या. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ ला कमला निंबकर बालभवन सुरू झालं. वाचन शिकवायची त्यांची रीत साधी आहे. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत पोराला ताटकळत ठेवायचं नाही. अक्षरांचे छोटे गट, सोबत काना-मात्रा, आणि लगेच पोराच्या ओळखीचे शब्द. पोर जे बोलतं ते लिहून घ्यायचं आणि तेच त्याला वाचायला द्यायचं. बाईंनी रोज पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. घरची बोली ही चूक नाही, तिथूनच पुढे जायचं. साताऱ्याची डाएटही फलटणलाच आहे. सरकारी प्रशिक्षण आणि हा प्रयोग एकाच गावात असणं, ही केवढी सोय!

दुसरं उत्तर कुमठे बीटचं. हे तर अलीकडचं, अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. २०१२ च्या सुमारास सातारा जिल्हा परिषदेच्या कुमठे बीटच्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादाचं काम सुरू केलं. शब्द जड आहे, अर्थ सोपा. मूल रिकामं मडकं नाही, ते स्वतः हाताळून, बघून, चुकून, बोलून शिकतं. मग वर्गात काय दिसायला लागलं? बाई-गुरुजी खुर्ची सोडून पोरांत खाली बसले. फरशीवर आखलेली चौकटं, त्यात दगड, चिंचोके, मणी, काड्यांचे गठ्ठे. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक. पहिलीचं पोर हाताने मोजतंय, शेजारच्याला समजावतंय.

या कामाची नाळ कुठे जुळते बघा. डहाणू भागात ग्राममंगल संस्था आहे, अनुताई वाघ आणि प्रा. रमेश पानसे यांनी १९८२ ला काढलेली. कुमठ्याच्या कामाला प्रेरणा तिथून मिळाली. म्हणजे बोर्डी-कोसबाडचं बी साठ-सत्तर वर्षांनी साताऱ्याच्या झेडपी शाळेत रुजलं.

माझ्या मते कुमठ्याचं खरं यश फरशीवरच्या रंगात नव्हतं. विस्तार अधिकारी म्हटलं की शाळेत धडकी भरते. साहेब आले, टाचणवही काढा, हजेरी काढा. इथे त्याच पदावरची बाई शिक्षकांची सोबतीण झाली. शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहिले. एकाला जमलं ते दुसऱ्याने उचललं. चुकलं तर मेमो येणार नाही ही खात्री मिळाली, म्हणून शिक्षकांनी करून बघायचं धाडस केलं. पद तेच, पगार तोच, शिक्षक तेच. फक्त पाठीशी उभं राहायची पद्धत बदलली.

पुढे काय झालं तेही लिहिलं पाहिजे. राज्यभरातून शिक्षक कुमठे बघायला आले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगाव पोचला. काही ठिकाणी मनापासून काम झालं, अजूनही चालू आहे. पण अनेक शाळांत फक्त फरशी रंगली. कारण रंगवलेल्या फरशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. बाईंशेजारी बसलेल्या माणसाचा काय फोटो पाठवणार? वरून आदेश आला की साथ राहत नाही, तक्ता राहतो. ताराबाईंच्या अंगणवाडीचं जे झालं, तेच थोड्या वर्षांत पुन्हा झालं.

आता आपण तिसऱ्यांदा त्याच वळणावर आहोत. २९ जुलै २०२० ला नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं. तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं हे धोरणच सांगतं. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, असंही त्यात आहे. तेही मोबाईल-टीव्हीवरून, काम सांभाळून, आणि महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग. कागदावर बरं आहे. पण शिक्षणहक्क कायद्याचं कलम ११ अजून जिथल्या तिथे आहे. तीन ते सहाच्या शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल', असं ते म्हणतं. 'करेल' असं म्हणत नाही. या एका क्रियापदात सगळं अडकलंय.

दुसऱ्या बाजूला सेविकांचा दिवस बघा. पोषण ट्रॅकरवर माहिती भरा, फोटो टाका, गृहभेटी करा, सर्व्हे करा, बीएलओचं काम करा. २०२४ ला लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला याच बायका होत्या, फॉर्ममागे पन्नास रुपये देऊ असं सांगून. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, तेव्हा शहरातल्या किती पालकांना फरक पडला? एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात निकाल दिला की अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, आणि तो देताना त्या पूर्वशालेय शिक्षणही देतात याची दखल घेतली. म्हणजे कोर्टाला त्या शिक्षिका दिसल्या. आपल्या पालिकेला कधी दिसणार?

मी तज्ज्ञ नाही, बातमीदार आहे. पण एवढा इतिहास वाचल्यावर, लोकांशी बोलल्यावर मला सातारा नगरपालिका आणि सांगली महापालिकेकडे पाच गोष्टी मागाव्याशा वाटतात. यातली एकही गोष्ट कोट्यवधीची नाही.

एक. वीसेक बालवाड्या-अंगणवाड्यांमागे एक जाणती बाई नेमा, जिचं काम फक्त वर्गात बसणं आणि मदत करणं. रजिस्टर तपासायला दुसरे आहेत. निवृत्त झालेल्या चांगल्या शिक्षिका दोन्ही शहरांत भरपूर आहेत, मानधन द्या आणि बोलवा.

दोन. महिन्यातून अर्धा दिवस सगळ्या सेविका, बालवाडीच्या ताई आणि पहिली-दुसरीच्या बाई एकत्र बसू देत. भाषण नको, सत्कार नको, पीपीटी नको. कुणाचं काय जमलं, कुणाचं काय अडलं, एवढंच.

तीन. मे महिन्यात सेविकेने पहिलीच्या बाईंना प्रत्येक पोराची ओळख करून द्यावी. घरी कोणती भाषा, काय आवडतं, कशाला घाबरतं. दोन खात्यांच्या साहेबांनी एका पत्रावर सह्या केल्या की हे होतं.

चार. मुलं वर्गात असतात त्या वेळेत त्यांच्या बाईंना फॉर्म, सर्व्हे, बैठका यांसाठी बोलवायचं नाही, असा ठराव महासभेत करा. ठराव करायला पैसे लागत नाहीत.

पाच. बालवाडीच्या ताईंचं मानधन वेळेवर द्या आणि ते किती आहे हे बजेटच्या पुस्तकात वेगळ्या ओळीवर दाखवा, म्हणजे आम्हालाही वाचता येईल.

राज्याने 'माझी शाळा, सुंदर शाळा' केलं, चांगलं केलं. भिंती रंगल्या, बागा झाल्या. आता शाळा सुंदर झालीच आहे तर आत शिकवणाऱ्या बाईंकडेही बघा.

पालकांनाही एक सांगायचंय. पुढच्या वेळी कुठल्याही बालवाडीत जाल, सरकारी असो वा खासगी, एसी आहे का ते शेवटी विचारा. आधी विचारा, बाई किती वर्षं इथे आहेत, त्यांनी शिक्षण काय घेतलंय, त्यांना मार्गदर्शन कोण करतं. आणि वॉर्डात नगरसेवक दिसले की त्यांनाही हेच विचारा. आपण पत्र्याचा प्रश्न विचारतो म्हणून ते पत्र्याचं उत्तर देतात.

तुमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीत, बालवाडीत एखाद्या बाई मन लावून काम करत असतील तर त्यांच्याबद्दल खाली लिहा. त्यांच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. आणि त्यांना कुणाची साथ मिळते, तेही लिहा. कुणाचीच मिळत नसेल तर तसं लिहा. बजेटची सभा लागली की हे सगळं एकत्र करून दोन्ही पालिकांच्या टेबलावर ठेवायचा विचार आहे.